राज्यशास्त्रात एम.ए. करावं का? घरचे नको म्हणायलेत (जि. हिंगोली)

कयाधूकाठ

नमस्कार. मी सेनगाव तालुक्यातली. बी.ए. तृतीय वर्षाची परीक्षा झाली, निकाल लागायचाय. राज्यशास्त्र, इतिहास आणि मराठी हे माझे विषय. मला राज्यशास्त्रात एम.ए. करायचंय आणि त्यावरून घरात रोज बोलणं निघायलंय. वडील म्हणतात, दोन वर्षं खोलीभाडं, खानावळ भरायची आणि शेवटी हातात काय येणार? भाऊ म्हणतो पोलीस भरती कर, नाहीतर पुण्याला जाऊन क्लास लाव. मामा घरी आले की पहिला प्रश्न तोच, "राज्यशास्त्र शिकून पुढारी व्हायचंय का?" चार एकर कोरडवाहू आहे आमची, सोयाबीन आणि तूर. त्यामुळं वडिलांची काळजी मला कळते.

हाच विषय का, ते सांगते. माझी आई ग्रामपंचायत सदस्य आहे. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत महिला राखीव जागेवरून निवडून आली. सरपंच थेट जनतेतून आलेले, दुसऱ्या पॅनलचे. सदस्य आमच्या पॅनलचे जास्त. तेव्हापासून गावात एक काम सरळ होईना. सरपंचांनी विषय मांडला की सदस्य अडवतात, सदस्यांनी मांडला की सरपंच पुढं ढकलतात. आईचं तर वेगळंच. शिपाई मासिक सभेचं रजिस्टर घरी आणतो, आई चुलीपुढून उठून हात पुसते, सही करते, झालं. सभेला वडील जातात, नाहीतर काका. वस्तीवरची कोणती विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते हे आईला तोंडपाठ आहे. टँकर कधी मागवायला पाहिजे होता हे ती घरात सांगते, सभेत कधीच नाही. कायद्यानं तिला खुर्ची दिली, मग बोलायला का मिळेना? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

कॉलेजात सर नोट्स सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. सार्वभौमत्वाची लक्षणं, दबावगटांचे प्रकार, राज्यपालांचे अधिकार. मार्क चांगले पडलेत. पण माझ्या आईचा प्रश्न त्यात कुठं बसतो ते कळलं नाही. एम.ए.ला तरी कळतं का? नांदेडला घ्यावं की संभाजीनगरला? माझं सगळं शिक्षण मराठीतून झालंय, इंग्रजी पुस्तक घेतलं की पानभर सुद्धा सरकत नाही. प्राध्यापक व्हायला लागणारी नेट-सेट परीक्षा जमेल का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं, घरी दाखवता येईल असं.

मांजरापट्टा

ताई, मी लातूरचा. स्पर्धा परीक्षेसाठी काही वर्षं पुण्यात राहिलो, आता गावाकडं परत आलोय, अभ्यास चालूच आहे. माझं मत स्पष्ट सांगतो, एम.ए.मध्ये दोन वर्षं घालवू नका. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, एकूण १७५० गुणांची, त्यात वैकल्पिक विषयाचे २५० चे दोन पेपर. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय त्या यादीत आहे. मराठीतून लिहिता येतं. तुमची आवड आहे, बी.ए. झालंय, मग तोच विषय वैकल्पिक घ्या आणि थेट परीक्षेला लागा. त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागत नाही.

मुलींचं वय वाढलं की घरचे थांबत नाहीत हे आपल्याकडचं वास्तव आहे, म्हणून कळकळीनं सांगतोय. जो वेळ मिळतोय तो पद मिळवण्यात घाला. उद्या गटविकास अधिकारी झालात तर तुमच्या आईसारख्या शंभर बायकांना सभेत बोलतं करता येईल. एम.ए.चा प्रबंध लिहून ते होणार नाही.

पुण्याला जाच असं मात्र म्हणणार नाही. आता अभ्यासिका लातूर, नांदेड, संभाजीनगर सगळीकडं आहेत.

तेरणाकाठची

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. सेट झाले आहे, पीएच.डी. झाली आहे, कायम नोकरी अजून नाही. हे आधीच सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते तुझ्या वडिलांनाही वाचताना कळेल. तू वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढी आहेस म्हणून अगं-तुगं करते.

तुझ्या पंचायतीत जे चाललंय त्यापासूनच सुरुवात करू. सरपंच थेट लोकांनी निवडला, म्हणजे त्याचं पद सदस्यांच्या बहुमतावर उभं नाही. सदस्य दुसऱ्या पॅनलचे. दोघांनाही गावानंच मतं दिली, त्यामुळं दोघंही म्हणणार की गाव आमच्या पाठीशी आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्या पक्षाच्या हातात असली की अंदाजपत्रक असंच अडकतं. संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीतले फरक तू बी.ए.ला गुण-दोषांसकट लिहिले असशील. तेच फरक आपल्या गावांत घडलेत. महाराष्ट्रात २०१७ ला थेट सरपंच आला, २०२० ला तो परत सदस्यांतून निवडायचं ठरलं, २०२२ ला पुन्हा थेट. त्यामुळं ज्या गावांत जानेवारी २०२१ मध्ये मतदान झालं तिथं सरपंच सदस्यांनी निवडला आणि तुमच्याकडं डिसेंबर २०२२ मध्ये लोकांनी. शेजारशेजारची दोन गावं, जाती त्याच, पीक तेच, पाऊस तोच, फक्त निवडीचा नियम वेगळा. त्या काळात कुठल्या गावात किती ठराव अडकले, कुठं अविश्वास प्रस्ताव आला, कुठं पाण्याची योजना पुढं सरकली, हे ताडून पाहिलंस तर तुलनात्मक राजकारण म्हणजे काय ते तुला कुणी वेगळं शिकवावं लागणार नाही. परदेशातले अभ्यासक असा योगायोग शोधत फिरतात.

आता आईचा प्रश्न. त्याची मुळं संविधान सभेत आहेत. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी मसुदा मांडताना खेड्याबद्दल फार कठोर शब्द वापरले होते. गाव म्हणजे संकुचितपणा आणि जातीयता, त्याला राज्यघटनेचा पाया करू नये, असा त्यांचा रोख होता. सभेतले पुष्कळ सदस्य त्यावर नाराज झाले, गांधीजींच्या ग्रामस्वराज्याचं काय म्हणून. शेवटी २२ नोव्हेंबर १९४८ ला के. संथानम यांनी दुरुस्ती मांडली आणि ग्रामपंचायतींचं कलम, आजचं कलम ४०, मार्गदर्शक तत्त्वांत आलं. म्हणजे करावं असं सांगितलं, पण बंधन घातलं नाही. बंधन आलं ७३ व्या घटनादुरुस्तीनं, २४ एप्रिल १९९३ पासून, एक तृतीयांश जागा बायकांना. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. तुझी आई ज्या खुर्चीवर आहे तिच्यामागं एवढी मोठी भांडणं आहेत. आणि रजिस्टर घरी सहीला येतं तेव्हा मला वाटतं, बाबासाहेबांची शंका आणि घटनादुरुस्तीची आशा दोन्ही त्या एका पानावर आहेत. वर्गात संविधान सभेची ती दोन भाषणं मी मुलांकडून मोठ्यानं वाचून घेते. मुलं वाद घालतात, एकमेकांच्या गावांची उदाहरणं देतात. त्या तासाला घंटा झालेली कुणाला ऐकू येत नाही.

मग अभ्यास कसा करायचा? तुझ्या आईच्या घरी येणाऱ्या त्याच कागदांवरून. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात. गेल्या तीन-साडेतीन वर्षांचं इतिवृत्त घे आणि एका वहीत फक्त एवढंच उतरव: ठराव कशाचा, सूचक कोण, अनुमोदक कोण. महिला सदस्यांची नावं सूचक म्हणून कुठल्या विषयांवर येतात? अंगणवाडी, महिला बचत गट एवढ्यावरच येतात की रस्ता, पाणी, निधी यांवरही? आणि ज्या ठरावावर त्यांचं सूचक म्हणून नाव आहे त्या दिवशी त्या सभेत होत्या का? हे शेवटचं रजिस्टर सांगणार नाही, ते बायकांना विचारावं लागेल. घरातल्या पुरुषांसमोर विचारू नकोस. नळावर, शेतातून येताना, देवळाच्या ओट्यावर विचार. आई स्वतः सदस्य आहे, तिला पंचायतीचे कागद पाहायचा हक्क आहे. इतर गावांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांचा. निधीचा हिशोब तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या दिसतो, पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरायचा) किती, अबंधित किती, कोणत्या कामावर किती खर्ची पडला.

ग्रामसभेचंही बघ. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातलं जे कमी ते. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आपल्याकडं किती ग्रामसभा अशा तहकूब होऊन दहा-बारा माणसांत उरकल्या जातात, हे कुणी तालुकाभर मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. ती प्रत्यक्ष भरते का कागदावर भरते, एवढ्या एका प्रश्नावर एम.ए.चा उत्तम प्रबंध होतो.

राज्यशास्त्र म्हणजे व्याख्या आणि लक्षणं, हा समज आपल्या भागात फार रुजलाय. प्रॅक्टिकल नाही, मार्क पडतात, अपेक्षित प्रश्नसंच मिळतो म्हणून विषय घेतला जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मराठवाड्याएवढं राजकारण शिकवणारी जमीन दुसरी सापडणं कठीण. पाठ्यपुस्तकात स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ ला येतं. आपल्याकडं ते १७ सप्टेंबर १९४८ ला आलं. मधले तेरा महिने आपण कुणाच्या राज्यात होतो, त्या राज्याला सार्वभौम म्हणायचं का, लष्कर पाठवणं कोणत्या न्यायानं योग्य ठरलं? सार्वभौमत्वाची लक्षणं पाठ करण्यापेक्षा या एका प्रश्नावर आपल्या आजोबांच्या पिढीशी बोललेलं बरं. पुढं १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. कलम ३७१(२) मुळं १९९४ ला मराठवाडा वैधानिक विकास मंडळ झालं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मागासलेपण मोजणाऱ्या दांडेकर आणि केळकर समित्या, अनुशेष म्हणजे विकासातली राहिलेली तूट, पाणीवाटप, हे आपल्या वर्तमानपत्रातले रोजचे शब्द. संघराज्य, प्रादेशिक असमतोल, विकासाचं राजकारण हे एम.ए.चे पेपर याच्याशी जोडून वाचले की डोक्यात पक्के बसतात. आणि आरक्षणाच्या प्रश्नात निजामकाळच्या नोंदी आज किती महत्त्वाच्या झाल्यात ते तू पाहतेच आहेस. सप्टेंबर २०२३ मध्ये नोंदी शोधायला समिती नेमली गेली, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटच्या आधारे शासन निर्णय निघाला. आपण कुठल्याही बाजूचे असू, शंभर वर्षांपूर्वीच्या राज्यानं माणसं कशी मोजली यावर आजच्या माणसांचे हक्क ठरतायत. हे समजून घ्यायला मोडी आणि उर्दू वाचता येणारे राज्यशास्त्राचे विद्यार्थी हवेत. मला असे फार थोडे भेटलेत.

मांजरापट्टा, तुमची कळकळ कळते आणि परीक्षेची माहिती बरोबर आहे. पण या मुलीचा प्रश्न "पद कसं मिळेल" हा नाही, तिला "असं का होतं" हे विचारायचंय. परीक्षेच्या अभ्यासात उत्तर आधी ठरलेलं असतं, आपण ते नेमक्या शब्दांत मांडायला शिकतो. एम.ए. नीट केलं तर उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नावर दोन वर्षं टिकून राहायची सवय लागते. गटविकास अधिकारी झालेल्या बाईलाही सभेत बायका का बोलत नाहीत हे आधी कळलेलं असेल तरच काही करता येईल. शिवाय एम.ए. करताना वैकल्पिक विषयाची तयारी आपोआप होते, उलट मात्र होत नाही. दोन्ही मार्ग एकमेकांना तोडत नाहीत, फक्त क्रम महत्त्वाचा.

पोटापाण्याचं आता, वडिलांसाठी. नुसत्या एम.ए.वर नोकरी नाही, हे त्यांना तूच सांग. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५० टक्के, आणि नेट किंवा सेट. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट-सेट हीच किमान पात्रता आहे, पीएच.डी. असली तर चांगलंच. सेटमध्ये दर वेळी बसलेल्यांपैकी सहा टक्के पात्र ठरतात. पात्र झालीस म्हणून लगेच नेमणूक होत नाही. कायम जागांची भरती रखडते, आणि माझ्यासारखे पुष्कळ जण तासावर शिकवतात, सुट्टीत पगार नसतो. हे लपवून तुला एम.ए.कडं ओढणं मला पटणार नाही. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये संशोधनवृत्ती, वर घरभाडं भत्ता, आणि तेवढ्यात घर उभं राहतं. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या संशोधनासाठी अधिछात्रवृत्त्या आहेत, तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बघ. एम.ए.नंतर बी.एड. केलंस तर कनिष्ठ महाविद्यालयाचा रस्ता उघडतो, आणि आपल्याकडं राज्यशास्त्र अकरावी-बारावीच्या कला शाखेत जवळपास सगळीकडं आहे. निवडणूक सर्वेक्षणं करणाऱ्या संस्था, लोकनीतीसारख्या, मतदानानंतरच्या सर्वेक्षणासाठी विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवतात. त्यात पैसे थोडे मिळतात, पण अनोळखी दारात उभं राहून प्रश्न विचारायचं प्रशिक्षण फार चांगलं होतं.

नांदेड की संभाजीनगर यावर मी फार शब्द घालवणार नाही. घरापासून जवळ, खर्च कमी, हे तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे. हिंगोली जिल्हा नांदेड विद्यापीठात येतो, तिथं प्रवेशाची कटकटही कमी. संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ चं, ग्रंथालय मोठं, जुने प्रबंध, वर्तमानपत्रांच्या फाइली, आणि शहरात पुराभिलेखागार. तुला निजामकाळाकडं वळायचं असेल तर संभाजीनगर, पंचायतीवर काम करायचं असेल तर नांदेड. जाण्याआधी विभागात एक चक्कर मार आणि मागच्या वर्षीच्या मुलांनी प्रबंध कशावर लिहिले ते विचार. सगळे विषय "एक अभ्यास", "एक चिकित्सक अभ्यास" असे आणि आत सगळी पुस्तकातली माहिती असेल, तर चांगला मार्गदर्शक तुलाच शोधावा लागेल.

बालाघाट_बीड

तेरणाकाठच्या मॅडमनी फारच नीट सांगितलं. माझं राज्यशास्त्रातलं एम.ए. झालंय, सध्या पीएच.डी. चालू आहे. पैशाचं तेवढं जोडतो. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरा, नंतर जागा राहत नाही. वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे, इतर प्रवर्गांनाही निर्वाह भत्त्याच्या वेगवेगळ्या योजना आहेत, समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काम मिळालं तर दोन्ही साधतं. मी तेच केलं, पुस्तकं लावता लावता निम्मी वाचून झाली.

आणि विषय गावातला घ्या हे शंभर टक्के खरं. माझा प्रबंध ऊसतोड कामगारांच्या मतदानावर होता. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. आमच्याकडच्या टोळ्या तोवर कर्नाटकात, पश्चिम महाराष्ट्रात फडावर पोचलेल्या. मतदार यादीत नाव गावाला, माणूस कोप्यात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, मुकादमानं सोडल्याशिवाय येता येत नाही. नागरिकत्व म्हणजे काय, मताचा हक्क म्हणजे काय, हे मला तिथं कळलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी एकच अट घातली होती, कोयत्यावर गेलेल्या माणसाशी फडावर जाऊन बोलायचं, गावात बसून नाही. त्यासाठी थंडीत एसटीनं हिंडलो. कामगार रात्री दोन-तीनला उठून गाडी भरायला जातात, त्यांना वेळ मिळतो तो दुपारी जेवताना. तेवढ्यात बोलायचं.

कयाधूकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना मॅडमचं उत्तर वाचून दाखवलं. नोकरीचं जे खरं खरं लिहिलंय ते त्यांना पटलं, म्हणाले ही बाई लपवत नाही. पण रजिस्टरचं ऐकल्यावर गप्प झाले. सभेला तेच जातात ना. मला त्यांना दुखवायचं नाही. आईनं तर "माझं नाव कशाला त्यात" म्हणून विषयच बंद केला.

दोन गोष्टी विचारते. मी स्वतःच्या घरावर असा अभ्यास करू शकते का, की तो चुकीचा ठरतो? आणि इंग्रजीचं कुणीच काही बोललं नाही.

तेरणाकाठची

इंग्रजीचं राहिलंच. सेटचा राज्यशास्त्राचा पेपर मराठीतूनही असतो, नेटचा इंग्रजी आणि हिंदीतून. परीक्षेची भीती त्यामुळं निम्मी कमी कर. पण वाचायला इंग्रजी लागणारच, राजकीय सिद्धान्त आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांतलं पुष्कळ साहित्य मराठीत नाही. आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाच, तो इंटरनेटवर फुकट आहे. विचार डोक्यात बसला की मग त्याच विषयावरचं इंग्रजी पान उघड. आशय माहीत असला की वाक्यं उलगडतात. संविधान सभेच्या चर्चा यासाठी फार उपयोगी, कारण ती बोललेली भाषा आहे, माणसं समोरच्याला पटवून देतायत. २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं भाषण मराठीत तुझ्या ओळखीचं असेल, तेच इंग्रजीत वाच. समाज प्रबोधन पत्रिकेसारखं मराठी नियतकालिक ग्रंथालयात असेल तर जुने अंक काढ, त्यात आपल्या राजकारणावर मराठीत गंभीरपणे लिहिलेलं सापडतं. माझ्या वर्गातली सेलूची एक मुलगी पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकाला हात लावत नव्हती. चौथ्या सत्रात ती हॉब्ज या इंग्रज राजकीय विचारवंतावरचं प्रकरण बाकीच्यांना समजावून सांगत होती. तिनं रोज एकच परिच्छेद घेतला आणि त्याचा आशय मराठीत वहीत लिहून काढला, दुसरं काही केलं नाही.

आता घराचं. स्वतःच्या घरावर अभ्यास करता येतो, पण पहिलाच अभ्यास घरावर करू नकोस. आईनं नको म्हटलंय, तो तिचा अधिकार आहे. ज्यांच्यावर संशोधन करायचं त्यांची संमती घेणं हा संशोधनाचा पहिला नियम आहे आणि तो आईलाही लागू आहे. तू तालुक्यातली आठ-दहा गावं घे, काही २०२१ ची, काही २०२२ ची, आणि त्यात तुमचं गाव ठेवूच नकोस. प्रबंधात गावांची आणि बायकांची नावं बदलून टाकायची असतात, हे आईला आणि वडिलांना दोघांनाही सांग.

वडील गप्प झाले म्हणजे रागावले असं समजू नकोस. त्यांना विचार, तुम्ही आईच्या जागी सभेला पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं होतं? ग्रामसेवकानं काय सांगितलं, बाकीचे सदस्य काय म्हणाले, आई यायला तयार होती का, कुणी हसेल याची भीती कुणाला होती? ऐकताना मध्ये बोलू नकोस आणि लिहूनही घेऊ नकोस. बायकांच्या जागी पुरुष सभेला जातात यावर सरकारी परिपत्रकं आहेत, नातेवाइकांनी कामात ढवळाढवळ करू नये असं त्यांत बजावलंय. पण पुरुष का जातात हे पुरुषांनी मोकळेपणानं सांगितलेलं संशोधनात फार कमी आहे. तुझे वडील ते सांगू शकतात.

निकालाआधीचे हे दिवस मोकळे घालवू नकोस. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून तुमच्या विधानसभा मतदारसंघाचा नमुना २० उतरवून घे, २०१९ चा आणि २०२४ चा. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली, नोटा किती, सगळं आहे. दोन निवडणुकांत केंद्रांचे क्रमांक बदलतात, म्हणून क्रमांकावर विसंबू नकोस. मतदार यादीच्या पहिल्या पानावर केंद्राचं ठिकाण, कोणत्या वस्त्या त्यात येतात आणि पुरुष-स्त्री मतदार किती ते असतं, त्यावरून जुळव. मतदारसंघात तीनशेच्या आसपास केंद्रं असतील, तू फक्त तुमच्या जिल्हा परिषद गटातली घे. कुठल्या वस्तीनं पाच वर्षांत कौल बदलला ते दिसेल, मग तिथं जाऊन माणसांना विचार. विभागात मुलाखतीला किंवा भेटायला जाशील तेव्हा ती वही सोबत ने. चांगला शिक्षक ती वही बघून पाच मिनिटांत तुझ्याशी वेगळं बोलायला लागेल.

संभाजीनगर ठरवलंस तर नांदेड विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागेल, निकालानंतर लगेच अर्ज टाक. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर तहसीलमधून आत्ताच काढून ठेव, जून-जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि वसतिगृहाची तारीख निघून जाते.